जखमी जवानाचे ऋण शिकारीच्या सहलीने फिटेल काय?

शरद ऋतू लागला की अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पहाटेच्या काळोखात शिकारी मंडळी रानाकडे निघतात. गेल्या वीस वर्षांत या मंडळींत एक वेगळा वर्ग दिसू लागला आहे. कुणाचा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, कुणी चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे, तर कुणाच्या अंगावर एकही व्रण दिसत नाही. मात्र त्याची रात्रीची झोप कायमची उडालेली आहे. इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांतून परतलेले हे जखमी सैनिक होत. त्यांच्यासाठी कुणा जमीनदाराने आपले रान मोकळे करून दिलेले असते, गावच्या शिकारी मंडळाने मुक्कामाची व भोजनाची व्यवस्था केलेली असते आणि एखाद्या चर्चने अथवा धर्मादाय संस्थेने प्रवासखर्च उचललेला असतो. उन्हाळ्यात हाच उपक्रम नद्यांच्या काठी चालतो. बंदुकीच्या जागी गळाची काठी येते आणि हरणाच्या जागी ट्राउट मासा. सैनिकाला पदरचा एक पैसाही द्यावा लागत नाही. दोन-तीन दिवसांनी सहल आटोपते, छायाचित्रे निघतात, यजमान सद्गदित होऊन निरोप देतात आणि पाहुणा आपल्या घरी परततो.

अशा उपक्रमाला नावे ठेवणे कुणालाही अवघड वाटेल. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडील शहाणपण सांगते. तथापि ही गाय ज्याच्या दारात बांधली जात आहे तो याचक नाही. राष्ट्राने ज्याला रणांगणावर धाडले आणि ज्याचे हातपाय वा मनःस्वास्थ्य त्या कामी खर्ची पडले, असा तो राष्ट्राचा धनको आहे. म्हणूनच या सहलींचे मोल काय, त्यांचा खर्च कोण सोसतो, त्यांतून कोणाचे समाधान साधते आणि त्यांच्या आड कोणते कर्तव्य झाकले जाते, या प्रश्नांचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

या सहलींची पार्श्वभूमी प्रथम लक्षात घेतली पाहिजे. २००१ साली अफगाणिस्तानात आणि २००३ साली इराकमध्ये सुरू झालेल्या युद्धांत मिळून सुमारे सात हजार अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. जखमी झालेल्यांची संख्या मात्र पन्नास हजारांहून अधिक आहे. व्हिएतनामच्या युद्धात जे घाव प्राणघातक ठरले असते, ते सोसूनही या युद्धांतील सैनिक जगले. अंगावरील चिलखत, रणभूमीवरच होणारी शस्त्रक्रिया आणि विमानाने काही तासांत रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था यांचे हे यश होय. परंतु रस्त्याकडेला पेरलेल्या स्फोटकांनी हातपाय तुटलेले, मेंदूला जबर मार बसलेले तरुण या यशातूनच मोठ्या संख्येने मागे राहिले. शिवाय न दिसणाऱ्या जखमा वेगळ्याच. रँड या संशोधन संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार या दोन युद्धांतून तोवर परतलेल्यांपैकी सुमारे तीन लाख सैनिकांत, म्हणजे जवळजवळ पाचांतील एकात, आघातोत्तर मनोविकाराची अथवा तीव्र नैराश्याची लक्षणे होती. मृत्यूचे आकडे घटले म्हणून युद्ध स्वस्त झाले असे मानणाऱ्यांनी हा दुसरा आकडा ध्यानी ठेवावा.

गळाची काठी आणि मनाची घडी

वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात २००५ साली एड निकल्सन या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने जो उद्योग आरंभला, तो या चळवळीचा एक प्रमुख उगम म्हणता येईल. ते स्वतः त्या रुग्णालयात उपचार घेत होते. आजूबाजूला अवयव गमावलेले तरुण सैनिक पाहून त्यांना मासे धरायला सोबत न्यावे, ही कल्पना त्यांना सुचली. रुग्णालयाच्या हिरवळीवर दोरी फेकण्याचे धडे सुरू झाले आणि त्यातून 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' ही संस्था उभी राहिली. पिसे आणि धागे गुंडाळून कृत्रिम माशी तयार करायची, ती लांब दोरीच्या टोकाला बांधून प्रवाहावर अलगद टाकायची आणि मासा तिला खरी माशी समजून झेपावेपर्यंत धीर धरायचा, असे या मासेमारीचे तंत्र आहे. एका हाताने माशी बांधता यावी, कृत्रिम हाताने काठी पेलता यावी, यासाठी साधनांत सुधारणा करण्यात आल्या. शिकारीच्या बाबतीतही असेच घडले आहे. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या पट्ट्यांच्या खुर्च्या निघाल्या, जमिनीलगत दबा धरून बसण्याचे आडोसे आले, हात निकामी झालेल्याला श्वासाच्या दाबाने चाप ओढता येईल अशा बंदुकाही तयार झाल्या.

यांतून काय साधते? बोटांना पुन्हा वळण लागते, खांद्याला व्यायाम होतो, तोल सावरण्याची सवय होते, हा शारीरिक लाभ उघडच आहे. त्याहून मोठा लाभ मनाचा आहे. रुग्णालयात माणूस अष्टौप्रहर रुग्ण असतो. त्याच्याशी बोलणारा प्रत्येक जण त्याच्या जखमेशी बोलत असतो. नदीच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलेला सैनिक काही तास तरी रुग्ण नसतो. तो चांगला वा वाईट मच्छीमार असतो. शेजारी उभा असलेला सोबती त्याच युद्धातून परतलेला असल्यामुळे त्याला काही समजावून सांगावे लागत नाही, आणि गप्प राहिले तरी त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. २०१३ साली एका अमेरिकी लष्करी वैद्यक नियतकालिकात आलेल्या पाहणीत, मनोविकाराने ग्रस्त अशा ७४ माजी सैनिकांना तीन रात्रींच्या मासेमारीच्या मुक्कामावर नेण्यात आले होते. मुक्कामानंतर त्यांच्या मनावरील ताण कमी झाल्याचे, झोप सुधारल्याचे आढळले, आणि सहा आठवड्यांनंतरही त्यातील काही लाभ टिकून होता. अर्थात सहलीला न गेलेल्यांचा गट तुलनेसाठी घेतलेला नसल्याने या पाहणीतून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. तरीही हा सारा केवळ भावनेचा पसारा आहे, असे म्हणून तो झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. सोबत, निसर्ग आणि हाताला गुंतवणारे काम यांनी दुखावलेल्या मनाला उतार पडतो, हा मानवी अनुभव प्राचीन आहे.

दानाचे अर्थशास्त्र

येथवर सर्व ठीक. परंतु दानाचाही एक हिशेब असतो आणि तो मांडताना दात्याच्या बाजूचा रकाना कोरा ठेवून चालत नाही. वस्तुरूपाने वा सेवारूपाने दिलेले दान घेणाऱ्याच्या गरजेपेक्षा देणाऱ्याच्या आवडीने ठरण्याचा धोका सदैव असतो. ज्याच्याजवळ रान आहे तो रान देतो, ज्याला शिकारीचा षोक आहे तो शिकार देतो. हंगामात दोन दिवस चार पाहुणे आले तर जमीनदाराला फारसा भुर्दंड पडत नाही. उलट त्याचे मन हलके होते आणि गावात मान वाढतो. सैनिकाला त्या वेळी घराचे थकलेले भाडे, मुलांचा सांभाळ अथवा नोकरी यांची निकड अधिक असू शकते. पण थकलेल्या भाड्याच्या पावतीसोबत छायाचित्र काढावे असे कोणाला वाटेल? दिसणाऱ्या दानाकडे पैसा धावतो, न दिसणाऱ्या गरजेकडे तो लंगडत जातो.

यात व्यापाराचाही धागा गुंतलेला आहे. अमेरिकेत शिकारीचा छंद ओसरत चालला आहे. सरकारी पाहणीनुसार १९९१ साली तेथे सुमारे १ कोटी ४१ लक्ष शिकारी होते. २०१६ साली ही संख्या सुमारे १ कोटी १५ लक्षांवर आली. बंदुका व काडतुसे यांवरील उत्पादनकराचे उत्पन्न १९३७ सालच्या कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळते, आणि परवान्यांच्या शुल्कावर त्यांची बरीच भिस्त असते. शिकारी घटले की या खात्यांचा आणि बंदुकांच्या कारखानदारांचा, दोहोंचाही गल्ला आटतो. अशा वेळी शिकारीच्या छंदाला जखमी वीराच्या उपस्थितीने जे पावित्र्य लाभते, त्याची किंमत जाहिरातीच्या कोणत्याही दरपत्रकात सापडणार नाही. हे ओळखून काही लोक पुढे येत असतील तर त्याचे नवल वाटायला नको. मात्र बहुसंख्य यजमान निरपेक्ष भावनेने राबतात, हेही तितकेच खरे.

दानाचा ओघ मोठा झाला की तो वाटेत किती झिरपतो, हाही प्रश्न उभा राहतो. २००३ साली 'वुंडेड वॉरियर प्रोजेक्ट' ही संस्था रुग्णालयातील जखमींना नित्योपयोगी वस्तूंनी भरलेल्या पिशव्या वाटण्याच्या साध्या कल्पनेतून निघाली. काही वर्षांतच तिचे वार्षिक उत्पन्न ३० कोटी डॉलरपलीकडे गेले. जानेवारी २०१६ मध्ये सीबीएस आणि 'न्यूयॉर्क टाइम्स' यांनी तिच्या उधळपट्टीची, पंचतारांकित हॉटेलातील मेळाव्यांची आणि वरखर्चाच्या मोठ्या प्रमाणाची वृत्ते प्रसिद्ध केली. मार्चमध्ये नियामक मंडळाने दोन्ही सर्वोच्च अधिकाऱ्यांना दूर केले. संस्थेने पुढे आपला कारभार सुधारला आणि आजही ती काम करीत आहे. परंतु जखमी सैनिकाचे नाव घेतले की हिशेब विचारण्याचे धाडस कुणाला होत नाही, आणि हिशेब विचारला जात नाही तेथे हात सैल सुटतात, एवढा धडा या प्रकरणाने दिला. लहान संस्थांची स्थिती वेगळी आहे. तेथे माणसे प्रामाणिक असतात, पण हिशेबनीस नसतो आणि सहलीनंतर त्या पाहुण्याचे काय झाले याची नोंद ठेवणाराही कुणी नसतो.

बंदुकीचा प्रश्न

मासेमारी आणि शिकार यांना एकाच मापाने मोजणे येथे चुकीचे ठरेल. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात ६,३९२ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. यांपैकी सुमारे ७२ टक्के मृत्यू बंदुकीने झाले. माजी सैनिक नसलेल्या प्रौढांच्या आत्महत्यांत हे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते. निराशेचा झटका अनेकदा अल्पकाळाचा असतो आणि त्या क्षणी हाताशी बंदूक नसेल तर माणूस वाचण्याचा संभव वाढतो, या जाणिवेपोटी तेच खाते घरातील शस्त्रे कुलपात ठेवण्याचा उपदेश सतत करीत असते. एका हाताने शस्त्र दूर ठेवा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने सत्काराची बंदूक द्यायची, या विसंगतीकडे डोळेझाक करता येत नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये टेक्सास राज्यात घडलेली घटना या संदर्भात विसरता येण्यासारखी नाही. इराक युद्धात नेमबाज म्हणून नाव झालेले ख्रिस काइल युद्धातून परतलेल्या सोबत्यांना सावरण्यासाठी झटत असत. मनाने खचलेल्या एका माजी सैनिकाला धीर यावा म्हणून ते एका मित्रासह त्याला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. तेथे त्या सैनिकाने दोघांनाही गोळ्या घालून ठार केले. एका घटनेवरून सर्व रुग्णांना धोकादायक ठरवणे हा मोठाच अन्याय होईल. मनोविकाराने ग्रस्त झालेले बहुतेक सैनिक इतर कुणालाही इजा करीत नाहीत, आणि शेकडो शिकारसहली निर्विघ्न पार पडतात. परंतु सदिच्छा ही वैद्यकीय ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही, हे त्या घटनेने रक्ताच्या शाईने लिहून ठेवले आहे. शिकारीचे समर्थक म्हणतात की, ज्याने वर्षानुवर्षे शस्त्र बाळगले त्याच्या हातातून ते काढून घेणे म्हणजे त्याच्यावरील विश्वासच काढून घेणे. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र विश्वास ठेवायचा की नाही हा निर्णय त्या माणसाला ओळखणाऱ्या उपचारकाच्या सल्ल्याने झाला पाहिजे. पाहुण्यांची यादी करणाऱ्या उत्साही स्वयंसेवकावर तो सोपवणे हे त्या स्वयंसेवकावरही अन्यायाचे आहे.

ज्याचे देणे त्याने द्यावे

यापुढील प्रश्न सर्वांत मूलभूत आहे. वॉल्टर रीडच्या हिरवळीवर सैनिक गळ टाकायला शिकत होते, त्याच रुग्णालयाच्या १८ क्रमांकाच्या इमारतीत बाह्यरुग्ण सैनिक बुरशी धरलेल्या भिंतींच्या आणि उंदीर-झुरळांच्या संगतीत दिवस काढीत होते. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने फेब्रुवारी २००७ मध्ये हे उजेडात आणले, तेव्हा भूदल खात्याच्या मंत्र्यांना पद सोडावे लागले. २०१४ साली फीनिक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात प्रतीक्षायाद्या दडवून ठेवल्याचे उघड झाले आणि माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. या खात्याचा वार्षिक खर्च आज ३०० अब्ज डॉलरहून अधिक आहे. म्हणजे राष्ट्र काहीच देत नाही असे मुळीच नाही. परंतु देणे अजून कितीतरी बाकी आहे. लिंडा बिल्म्स या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी २०२१ साली केलेल्या अंदाजानुसार, २००१ नंतरच्या युद्धांतील सैनिकांच्या शुश्रूषेचा व भत्त्यांचा खर्च २०५० पर्यंत २.२ ते २.५ लक्ष कोटी डॉलर होईल. कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, वय वाढते तशी जुनी जखम नवे दुखणे काढते, आणि नवऱ्याची शुश्रूषा करणारी पत्नी नोकरीला मुकते. हा खर्च तीन दिवसांच्या सहलीत बसत नाही; तो तीस-चाळीस वर्षांच्या अंदाजपत्रकांत बसवावा लागतो.

अमेरिकेने १९७३ साली सक्तीची सैन्यभरती बंद केली. तेव्हापासून युद्ध हे अल्पसंख्य कुटुंबांचे दुःख आणि बहुसंख्यांचे वृत्तपत्रीय वाचन होऊन बसले आहे. ज्यांच्या घरातून कुणी गेले नाही, ज्यांच्यावर युद्धासाठी वेगळा करही बसला नाही, त्यांच्या मनात कुठेतरी एक टोचणी असते. सहलीचे दान ती टोचणी शमवते. नागरिकाच्या मनात कृतज्ञता असावी यात वावगे काहीच नाही. परंतु टोचणी फार स्वस्तात शमली तर ती आपले खरे काम करीत नाही. लोकप्रतिनिधीला पत्र लिहिण्यास, रुग्णालयाच्या तरतुदीसाठी आग्रह धरण्यास आणि पुढच्या युद्धाला संमती देण्यापूर्वी दहादा विचार करण्यास तिने माणसाला भाग पाडायला हवे. हक्काने मिळणाऱ्या वस्तूसाठी कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. भेट मात्र आभाराची अपेक्षा करते. देशासाठी पाय गमावलेल्या माणसाला वारंवार आभार मानायला लावणे, हे ऋणकोनेच धनकोकडून मुजरा घेण्यासारखे आहे.

छंदातून पुनर्वसन हा विचार मुळात चुकीचा नाही, हे इतिहास सांगतो. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी केंद्र काढले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी सोळा अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली; त्यातूनच पुढे १९६० मध्ये रोम येथे पहिले पॅरालिंपिक झाले. तेथे खेळ हा उपचाराचा भाग होता, रोजचा होता आणि वैद्याच्या देखरेखीखाली होता. या परंपरेचे फळ महाराष्ट्रानेही पाहिले आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पोहण्याच्या सरावाने सावरले. आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांना पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीही मिळाली. खेळाने आत्मविश्वास दिला, नोकरीने पोट भरले. यांपैकी एकानेच भागले नसते. पुण्याजवळ खडकी येथे जखमी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी क्वीन मेरी संस्था आणि पक्षाघाती जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथे नित्य चालणारे काम छायाचित्रात फारसे चमकत नाही, आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाखेरीज पुष्कळांना त्याची आठवणही होत नाही. अमेरिकेकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुठे वळतात, हे आपणही पाहिलेले बरे.

म्हणून अमेरिकेतील या सहली बंद कराव्यात असे नाही. त्यांना शिस्त लागावी. सहल एकदाच भेट म्हणून न होता वर्षभर चालणाऱ्या मंडळाचे रूप तिला यावे, कारण मनाची घडी एका मुक्कामात बसत नाही. रुग्णालयाशी तिचा जिवंत संबंध असावा. शिकारीच्या बाबतीत तर उपचारकाच्या संमतीशिवाय पाऊल उचलू नये. काय हवे ते सैनिकाला विचारावे. पत्नी-मुलांसह चार दिवस शांतपणे राहणे त्याला अधिक हवे असेल तर तेच द्यावे. हिशेब प्रसिद्ध व्हावेत, आणि सैनिकाचे छायाचित्र देणगीच्या आवाहनासाठी वापरण्यापूर्वी त्याची मोकळी संमती घ्यावी. २०२० साली अमेरिकी काँग्रेसने माजी सैनिकांच्या उपचारासाठी सार्वजनिक वने व उद्याने कशी उपयोगी पडतील, याचा विचार करण्यासाठी विविध खात्यांचे कृतिदल नेमण्याचा कायदा केला. निसर्गाचा सहवास ही खाजगी कृपा न राहता सार्वजनिक व्यवस्थेचा भाग व्हावा, या दिशेने टाकलेले हे योग्य पाऊल आहे.

नदीकाठी कुणी प्रेमाने हातात गळाची काठी दिली तर ती जखमी सैनिकाने आनंदाने घ्यावी आणि देणाऱ्यानेही आनंदाने द्यावी. शेजारधर्म म्हणतात तो हाच, आणि कोणत्याही सरकारी खात्याला तो पाळता येणार नाही. परंतु शेजारधर्म आणि राजधर्म ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातील जमा दाखवून दुसऱ्या खात्यातील थकबाकी फिटल्याचा शेरा मारणे हा हिशेबातला लबाडपणा होय. युद्ध पुकारण्याचा अधिकार जे राष्ट्र स्वतःकडे राखून ठेवते, त्याने त्या युद्धातील शेवटच्या जखमी सैनिकाच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा खर्चही स्वतःच्याच नावे लिहून ठेवला पाहिजे.